गांजासेवनातील आनुवंशिकता आणि परिस्थिती

गांजासेवनातील आनुवंशिकता आणि परिस्थिती हा वर्तन-आनुवंशिकी, मानसोपचारशास्त्र आणि साथरोगशास्त्र या तिन्ही शास्त्रांत अभ्यासला जाणारा विषय आहे. भांगेच्या झाडापासून मिळणारे मादक पदार्थ काही व्यक्ती कधीच घेत नाहीत, काही एकदोनदा घेऊन सोडून देतात, तर काहींना त्यांचे व्यसन जडते. या फरकामागे जन्मतः मिळालेल्या जनुकांचा वाटा किती, घर, सोबती, बालपणीचे आघात, पदार्थाची उपलब्धता आणि कायदा यांचा वाटा किती, आणि हे घटक एकमेकांवर कसा परिणाम करतात, हे या विषयातील मुख्य प्रश्न होत. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की, गांजा घेऊन पाहणे आणि त्याच्या आहारी जाणे या दोहोंतील व्यक्तिव्यक्तींमधील फरकांत जनुकांचा वाटा साधारणपणे निम्मा आहे. मात्र व्यसनाचे असे एखादे स्वतंत्र जनुक नाही. आनुवंशिक धोका असंख्य जनुकभेदांत विखुरलेला असतो आणि तो प्रत्यक्षात उतरेल की नाही, हे बऱ्याच अंशी परिस्थितीवर अवलंबून असते.

## पदार्थ आणि त्याचे कार्य

भांगेच्या झाडाच्या मादी फुलोऱ्याला गांजा, राळेला चरस आणि पानांपासून केलेल्या पदार्थाला भांग म्हणतात. या सर्वांतील प्रमुख मादक घटक टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) हा होय. राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी या इस्रायली रसायनशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये तो शुद्ध स्वरूपात वेगळा करून त्याची रचना निश्चित केली. हा घटक मेंदूतील ज्या ग्राहींना जाऊन चिकटतो, त्यांपैकी ‘सीबी१’ या ग्राहीची जनुकीय रचना १९९० मध्ये उलगडली. त्यानंतर दोनच वर्षांनी, शरीर स्वतःच तयार करीत असलेला आणि याच ग्राहीवर कार्य करणारा पदार्थ सापडला. संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून त्याला ‘आनंदामाइड’ असे नाव देण्यात आले. भूक, वेदना, स्मृती, भीती आणि ताण यांचे नियमन करणाऱ्या या यंत्रणेला अंतर्जात कॅनाबिनॉइड प्रणाली म्हणतात. पौगंडावस्थेत मेंदूची जडणघडण चालू असताना ही प्रणालीही बदलत असते. त्यामुळे या वयातील सेवनाकडे संशोधक विशेष लक्ष देतात.

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हे कार्यालयाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे २२ कोटी ८० लाख लोकांनी भांगेच्या झाडापासून बनलेले मादक पदार्थ घेतले होते. यांपैकी बहुसंख्य व्यसनी होत नाहीत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत ‘गांजासेवन विकार’ ठरविण्यासाठी ११ निकष दिलेले आहेत. ठरविल्यापेक्षा अधिक सेवन, सोडण्याचे असफल प्रयत्न, तीव्र ओढ, काम किंवा शिक्षणाकडे दुर्लक्ष, मात्रा वाढवावी लागणे आणि सेवन थांबविल्यावर होणारा त्रास यांचा त्यांत समावेश होतो. १२ महिन्यांच्या कालावधीत किमान २ निकष लागू झाल्यास विकार मानला जातो. ६ किंवा अधिक लागू झाल्यास तो तीव्र समजला जातो.

## पूर्वेतिहास

आनुवंशिक प्रवृत्ती आणि सेवन यांचा एकत्रित विचार जनुकशास्त्राच्या उदयापूर्वीही झालेला आढळतो. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या भारतीय भांग आयोगाने देशातील भांग, गांजा व चरस यांच्या सेवनाची पाहणी केली आणि १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले. वेड्यांच्या इस्पितळांतील ज्या रुग्णांच्या वेडाचे कारण ‘गांजा’ असे नोंदले गेले होते, त्यांच्या कागदपत्रांची आयोगाने फेरतपासणी केली. तेव्हा अनेक नोंदी पुरेशा आधाराशिवाय केल्या गेल्याचे दिसून आले. १८९४ च्या अहवालात आयोगाने असा निष्कर्ष काढला की, माफक सेवनाने सर्वसाधारणतः मानसिक हानी होत नाही. परंतु अतिसेवनाने, विशेषतः मुळात मानसिक दुर्बलता किंवा आनुवंशिक प्रवृत्ती असल्यास, वेड लागू शकते. या विधानाची पडताळणी करण्याची साधने त्या काळी उपलब्ध नव्हती. ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, प्रथम जुळ्यांच्या व दत्तक मुलांच्या अभ्यासांतून आणि नंतर जनुकसंचाच्या तपासणीतून उपलब्ध झाली.

## जुळ्यांचे अभ्यास

समरूप जुळी भावंडे एकाच फलित बीजांडापासून जन्मतात, त्यामुळे त्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात. भिन्नरूप जुळ्यांमध्ये इतर सख्ख्या भावंडांप्रमाणे, माणसामाणसांत बदलणाऱ्या जनुकांपैकी सरासरी निम्मी समान असतात. दोन्ही प्रकारची जुळी सामान्यतः एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. म्हणून एखाद्या वर्तनात समरूप जुळी भिन्नरूप जुळ्यांपेक्षा एकमेकांशी अधिक मिळतीजुळती असतील, तर त्या वर्तनात जनुकांचा सहभाग आहे असे अनुमान काढता येते. दोन्ही प्रकारांतील साम्य सारखेच असेल, तर सामाईक घर व परिसर यांचा प्रभाव मानला जातो. आणि समरूप जुळ्यांमध्येही जे फरक आढळतात, ते प्रत्येकाच्या वैयक्तिक अनुभवांकडे निर्देश करतात.

या पद्धतीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार गांजासेवन सुरू करण्यात जनुकांचा वाटा पुरुषांत ४८ टक्के व स्त्रियांत ४० टक्के, तर सामाईक परिस्थितीचा वाटा अनुक्रमे २५ व ३९ टक्के आढळला. समस्याजनक सेवनात जनुकांचा वाटा पुरुषांत ५१ टक्के व स्त्रियांत ५९ टक्के होता. सामाईक परिस्थितीचा वाटा मात्र २० व १५ टक्क्यांपर्यंत घटलेला दिसला. सुरुवात होण्यात घर, शाळा व वस्ती यांना अधिक महत्त्व असते आणि पुढे व्यसन जडण्यात त्यांचे महत्त्व कमी होते, असा या आकड्यांचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो.

### आकड्यांचा अर्थ

आनुवंशिक वाटा ५० टक्के आहे, याचा अर्थ एखाद्या व्यक्तीचे निम्मे व्यसन जनुकांमुळे व निम्मे परिस्थितीमुळे आहे असा होत नाही. त्याचप्रमाणे व्यसनी व्यक्तीच्या मुलाला व्यसन लागण्याची शक्यता ५० टक्के असते, असाही होत नाही. हे प्रमाण एका विशिष्ट समाजात, विशिष्ट काळी, माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकांविषयीचे असते. ज्या गावात गांजा मिळतच नाही, तेथे कोणाचीही आनुवंशिक प्रवृत्ती प्रकट होणार नाही. उलट, तो सर्वांना सारख्याच सहजतेने मिळत असेल, तर कोण घेतो आणि कोण घेत नाही या फरकात जनुकांचा वाटा मोठा दिसेल. जनुके तीच असतानाही परिस्थिती बदलली की हे प्रमाण बदलू शकते.

### वयानुसार होणारा बदल

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील जुळ्या पुरुषांवर केनेथ केंडलर व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मद्य, कॅफीन, गांजा आणि निकोटीन यांच्या सेवनाचा किशोरवयाच्या आरंभापासून मध्यमवयापर्यंतचा मागोवा घेण्यात आला होता. किशोरवयाच्या आरंभी कौटुंबिक व सामाजिक परिस्थितीचा प्रभाव सर्वाधिक होता आणि जनुकांचा प्रभाव नगण्य होता. वय वाढत गेले तसतसा हा क्रम उलटत गेला. मूल वडीलधाऱ्यांनी आखून दिलेल्या परिस्थितीत वाढते, तर प्रौढ व्यक्ती आपली परिस्थिती पुष्कळशी स्वतः निवडते, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

## जनुकांचा शोध

सुरुवातीला संशोधकांनी शरीरातील ज्ञात यंत्रणांवरून संशयित जनुके निवडून त्यांची तपासणी केली. ‘सीबी१’ ग्राही घडविणारे ‘सीएनआर१’ हे जनुक आणि आनंदामाइडचे विघटन करणाऱ्या विकराचे ‘एफएएएच’ हे जनुक ही त्याची उदाहरणे होत. लहान नमुन्यांवर आधारलेल्या अशा अभ्यासांचे निष्कर्ष पुढील तपासण्यांत अनेकदा टिकले नाहीत.

त्यानंतर संपूर्ण जनुकसंचातील लाखो स्थाने एकाच वेळी तपासणारी पद्धत रूढ झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,८४,७६५ व्यक्तींची माहिती वापरण्यात आली. आयुष्यात कधी तरी गांजा घेतला आहे का, या प्रश्नाच्या उत्तराशी सर्वांत ठळक संबंध ‘सीएडीएम२’ या जनुकाचा आढळला. हेच जनुक धोका पत्करण्याच्या वृत्तीशीही निगडित आहे. तपासलेल्या सामान्य जनुकभेदांनी मिळून फरकांपैकी सुमारे ११ टक्के भाग स्पष्ट केला. जुळ्यांच्या अभ्यासांतील अंदाजापेक्षा हे प्रमाण बरेच कमी आहे.

व्यसनाच्या बाबतीत वेगळे चित्र दिसले. २०१९ मधील डेन्मार्कच्या अभ्यासात मेंदूतील निकोटीन-ग्राहीशी संबंधित ‘सीएचआरएनए२’ या जनुकाचा गांजासेवन विकाराशी संबंध आढळला. २०२० मध्ये २०,९१६ रुग्ण व ३,६३,११६ इतर व्यक्ती यांच्या तुलनेत त्याला दुजोरा मिळाला आणि ‘फॉक्सपी२’ या जनुकाजवळचे आणखी एक स्थान सापडले. गांजा कधी तरी घेणे आणि त्याचा विकार जडणे यांतील जनुकीय सहसंबंध या अभ्यासात ०.५० एवढाच भरला. कधी तरी घेण्याशी निगडित जनुकभेद अधिक शिक्षणाशी जोडलेले दिसले, तर विकाराशी निगडित जनुकभेद कमी शिक्षणाशी. त्यामुळे प्रयोग म्हणून घेणे ही व्यसनाची केवळ सौम्य पायरी नसून, या दोन्हींची आनुवंशिक पार्श्वभूमी काही अंशी वेगळी आहे असे मानले जाते. २०२३ मध्ये अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या माहितीसह दहा लाखांहून अधिक व्यक्तींचा समावेश असलेल्या अभ्यासात अशा स्थानांची संख्या आणखी वाढली.

अनेक जनुकभेदांचे लहान लहान परिणाम एकत्र करून ‘बहुजनुकीय गुणांक’ काढता येतो. समूहांची तुलना करण्यास तो उपयुक्त असला, तरी एका व्यक्तीचे भविष्य वर्तविण्याइतका अचूक नाही. शिवाय ही माहिती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांकडून गोळा झालेली असल्याने भारतीयांना ती जशीच्या तशी लागू करता येत नाही.

## जीवनानुभव

### बालपणीचे आघात

अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांकडून बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांची माहिती घेण्यात आली. व्हिन्सेंट फेलिटी व रॉबर्ट आंडा यांच्या या अभ्यासात मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातील हिंसा, पालकांचे व्यसन किंवा तुरुंगवास अशा अनुभवांची संख्या वाढत गेली, तशी पुढील आयुष्यातील आजारांची व व्यसनांची शक्यताही वाढत गेलेली आढळली. याच माहितीवर आधारलेल्या २००३ मधील विश्लेषणानुसार असा प्रत्येक अनुभव लहान वयात अमली पदार्थ सुरू करण्याची शक्यता २ ते ४ पटींनी वाढविणारा होता. ताणाला प्रतिसाद देणारी शारीरिक यंत्रणा आणि अंतर्जात कॅनाबिनॉइड प्रणाली परस्परांशी जोडलेल्या असल्याने काही व्यक्ती मनावरील ताण हलका करण्यासाठी गांजाकडे वळतात, असे एक स्पष्टीकरण आहे.

### सोबती, पालक आणि उपलब्धता

किशोरवयात मित्रांचे सेवन हा स्वतःच्या सेवनाचा एक सातत्याने आढळणारा सूचक आहे. मात्र मित्रांमुळे सवय लागते की तशीच आवड असलेले मित्र निवडले जातात, हा प्रश्न उरतोच. अभ्यासांत दोन्ही प्रक्रिया दिसतात. मूल कोठे आहे व कोणासोबत आहे याची पालकांना असलेली माहिती, शाळेशी असलेले नाते आणि पदार्थाची किंमत व सहज उपलब्धता हेही महत्त्वाचे घटक आहेत.

कायद्याच्या परिणामाचा एक लक्षणीय पुरावा समरूप जुळ्यांकडूनच मिळाला आहे. कोलोरॅडो व मिनेसोटा येथील जुळ्यांच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक भावंड गांजा कायदेशीर असलेल्या राज्यात व दुसरे तो बेकायदेशीर असलेल्या राज्यात राहत असलेल्या जोड्या तपासण्यात आल्या. कायदेशीर राज्यातील भावंडांचे सेवन सुमारे २० टक्क्यांनी अधिक वेळा होत असे. जनुके व बालपणीचे घर समान असल्याने हा फरक त्या दोन्हींमुळे पडला असे म्हणता येत नाही.

## परस्परसंबंध

### जनुक-परिस्थिती सहसंबंध

जनुके आणि परिस्थिती या एकमेकांपासून सर्वस्वी अलग गोष्टी नाहीत. त्यांच्यातील सहसंबंध तीन प्रकारचे मानले जातात. पहिल्या, निष्क्रिय प्रकारात पालक मुलाला जनुकेही देतात आणि घरही देतात. व्यसनी पालकाच्या मुलाला आनुवंशिक प्रवृत्ती आणि घरातील पदार्थाची उपलब्धता एकाच हातून मिळते. दुसऱ्या प्रकारात मुलाच्या स्वभावामुळे इतरांची वागणूक ठरते. उदाहरणार्थ, उतावळ्या मुलाला अधिक शिक्षा होऊन त्याचे पालकांशी व शिक्षकांशी संबंध दुरावतात. तिसऱ्या, सक्रिय प्रकारात व्यक्ती आपल्या प्रवृत्तीला साजेसे मित्र व जागा शोधते. म्हणूनच एखाद्या अनुभवानंतर गांजासेवन आढळले, एवढ्यावरून तो अनुभव हेच कारण होते असे सिद्ध होत नाही.

### जनुक-परिस्थिती आंतरक्रिया

एकच परिस्थिती भिन्न जनुके असलेल्या व्यक्तींवर भिन्न परिणाम करते, तेव्हा तिला आंतरक्रिया म्हणतात. स्वीडनमध्ये १९५० ते १९९३ या काळात जन्मलेल्या १८,११५ दत्तक मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो केवळ गांजापुरता नव्हता, तर सर्व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाविषयी होता. ज्यांच्या जन्मदात्या पालकांपैकी कोणी अमली पदार्थांचा दुरुपयोग केला होता, अशा मुलांपैकी ८.६ टक्के मुलांमध्ये तो आढळला. इतर दत्तक मुलांमध्ये हे प्रमाण ४.२ टक्के होते. म्हणजे जन्मदात्यांपासून दूर वाढूनही धोका दुपटीने अधिक राहिला. त्याच वेळी अशा मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांत ही समस्या नोंदली गेली नाही. दत्तक कुटुंबात मृत्यू, घटस्फोट, गंभीर आजार, मद्यासक्ती किंवा गुन्हेगारी असल्यासही धोका वाढत होता. प्रतिकूल घरात वाढलेल्यांमध्ये आनुवंशिक धोक्याचा परिणाम अधिक तीव्र होता, ही या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाची बाब होय.

अशाच स्वरूपाचा निष्कर्ष फिनलंडमधील किशोरवयीन जुळ्यांच्या धूम्रपानाबाबत २००७ मध्ये मिळाला. पालकांचे लक्ष कमी असलेल्या मुलांमध्ये जनुकांचा प्रभाव मोठा, तर पुरेसे लक्ष असलेल्यांमध्ये तो लहान दिसला. अंतर्जात कॅनाबिनॉइड प्रणालीतील ‘एमजीएलएल’ जनुकाचा एक प्रकार आणि बालपणीचा अत्याचार यांची गांजावरील अवलंबित्वाबाबत आंतरक्रिया असल्याचे २०१५ मधील एका अभ्यासात नोंदविले गेले. एकाच जनुकावर आधारलेले असे निष्कर्ष मोठ्या नमुन्यांत पडताळून पाहणे आवश्यक मानले जाते.

## कार्यकारणभावाचे प्रश्न

गांजामुळे पुढे इतर अमली पदार्थांकडे वाट जाते का, या जुन्या वादात जुळ्यांच्या अभ्यासांनी भर घातली आहे. ऑस्ट्रेलियातील ३११ जोड्यांमध्ये एका भावंडाने १७ वर्षांपूर्वीच गांजा सुरू केला होता व दुसऱ्याने नव्हता. २००३ च्या अहवालानुसार लवकर सुरू करणाऱ्या भावंडात पुढे इतर अमली पदार्थांचे सेवन व मद्यावलंबन यांची शक्यता २.१ ते ५.२ पटींनी अधिक होती. केवळ सामाईक घर किंवा जनुके यांनी हा संबंध पूर्णपणे स्पष्ट होत नाही. मात्र प्रत्येक भावंडाच्या वेगळ्या मित्रमंडळींचा प्रभाव नाकारता येत नाही.

बुद्धिमत्तेबाबत याच्या उलट उदाहरण मिळते. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात, किशोरवयापासून सातत्याने गांजा घेणाऱ्यांचा बुद्ध्यंक प्रौढपणी घटल्याचे २०१२ मध्ये नोंदविले गेले. अमेरिकेतील जुळ्यांच्या दोन गटांवरील २०१६ च्या अभ्यासात मात्र गांजा घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या जुळ्या भावंडांच्या बुद्ध्यंकातील बदलात तसा फरक दिसला नाही. त्यामुळे घटीचे कारण कौटुंबिक घटकांत असू शकते, असा निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला.

गंभीर मनोविकारांबाबतचा पुरावा अधिक गुंतागुंतीचा आहे. स्वीडनमधील ४५,५७० सैनिकी भरतीच्या तरुणांचा १५ वर्षे मागोवा घेणाऱ्या १९८७ च्या अभ्यासात, पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांमध्ये छिन्नमनस्कतेचा (स्किझोफ्रेनियाचा) धोका सहापट आढळला. युरोपातील व ब्राझीलमधील ११ ठिकाणी झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सेवन करणाऱ्यांमध्ये मनोविकृतीची शक्यता सुमारे तिप्पट, तर टीएचसीचे प्रमाण १० टक्के किंवा अधिक असलेला पदार्थ रोज घेणाऱ्यांमध्ये जवळजवळ पाचपट होती. दुसरीकडे, छिन्नमनस्कतेचा आनुवंशिक धोका अधिक असलेल्या व्यक्ती गांजा घेण्याची शक्यताही काहीशी अधिक असते, असे २०१४ पासूनच्या जनुकीय अभ्यासांत दिसले आहे. कारण आणि परिणाम दोन्ही दिशांनी वाहत असावेत, असे मत त्यामुळे बळावले आहे. ‘सीओएमटी’ या जनुकाचा एक प्रकार असलेल्या किशोरांनाच गांजाचा हा धोका अधिक असतो, असा २००५ मधील गाजलेला निष्कर्ष पुढील अभ्यासांत सातत्याने आढळला नाही.

## भारतीय संदर्भ

एकाच झाडाच्या वेगवेगळ्या पदार्थांना समाज व कायदा वेगवेगळी वागणूक देतो, याचे भारत हे ठळक उदाहरण आहे. १९८५ च्या अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाच्या व्याख्येत चरस व गांजा येतात. फुलोरा सोबत नसलेली पाने व बिया त्यांतून वगळलेली आहेत. त्यामुळे पानांपासून केलेली भांग या केंद्रीय बंदीबाहेर राहते आणि तिचे नियमन राज्यांकडे आहे. होळी व महाशिवरात्र या सणांशीही भांगेचा संबंध आहे.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.८ टक्के, म्हणजे ३ कोटी १० लाख लोकांनी आदल्या वर्षभरात यांपैकी एखादा पदार्थ घेतला होता. भांग घेणारे सुमारे २ टक्के आणि गांजा वा चरस घेणारे सुमारे १.२ टक्के होते. सुमारे ७२ लाख लोकांना या सेवनामुळे निर्माण झालेल्या समस्यांसाठी मदतीची गरज असल्याचा अंदाज वर्तविण्यात आला. भांग घेणाऱ्यांची संख्या अधिक असली, तरी हानिकारक सेवन व अवलंबित्व यांचे प्रमाण गांजा व चरस घेणाऱ्यांमध्ये तुलनेने जास्त आढळले. पदार्थाची तीव्रता, सेवनाची पद्धत, प्रसंग आणि घेणाऱ्यांची सामाजिक स्थिती यांपैकी कोणत्याही गोष्टीचा यात भाग असू शकतो.

## प्रतिबंध व उपचार यांवरील परिणाम

सद्यःस्थितीत गांजाच्या व्यसनाचा अंदाज देणारी विश्वासार्ह जनुकीय चाचणी उपलब्ध नाही. व्यवहारात कौटुंबिक इतिहास हाच आनुवंशिक धोक्याचा सुलभ निदर्शक ठरतो. ज्या कुटुंबात व्यसन किंवा छिन्नमनस्कता आहे, त्यातील मुलांनी किशोरवयात गांजापासून दूर राहणे विशेष हिताचे मानले जाते. सेवनाचे वय पुढे ढकलणे, घरातील हिंसा रोखणे, आघात झालेल्या मुलांना वेळीच मदत मिळवून देणे आणि पालकांचे मुलांकडे लक्ष असणे हे उपाय जनुके न बदलताही धोका कमी करू शकतात. स्वीडन व फिनलंड येथील निष्कर्ष पाहता, ज्यांचा आनुवंशिक धोका अधिक आहे, त्यांनाच अशा उपायांचा सर्वाधिक लाभ होण्याची शक्यता आहे.

गांजासेवन विकारावर खास मान्यता मिळालेले औषध नाही. प्रेरणावर्धक संवाद, बोधात्मक वर्तनोपचार आणि कुटुंबाचा सहभाग असलेले समुपदेशन यांवर उपचारांची भिस्त आहे. महाराष्ट्रात पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करीत आहे.

व्यसन हा केवळ चारित्र्याचा दोष आहे, या समजाला आनुवंशिकतेच्या अभ्यासाने छेद दिला आहे. त्याचबरोबर ‘आमच्या रक्तातच आहे’ ही समजूतही त्यातून टिकत नाही. आनुवंशिक धोका असलेल्या बहुसंख्य व्यक्ती व्यसनी होत नाहीत, आणि कौटुंबिक इतिहास नसलेल्या व्यक्तींनाही व्यसन लागू शकते.